दोष पट्ट्याचा नव्हता

मित्रांनो, या घराच्या मागच्या दाराजवळ एक खुंटी आहे. तिच्यावर छत्री असते आणि छत्रीच्या मागे, सहज दिसणार नाही असा, एक काळपट चामडी पट्टा लटकलेला असतो. तो मी. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. माझं बकल अजून शाबूत आहे, शिवण एका जागी उसवली आहे आणि बरोबर मध्यावर एक पितळी कडी आहे. त्या कडीत आता काहीच नाही. ती रिकामी कशी झाली, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. सांगताना माझा सूर कडवट लागला तर वाईट वाटून घेऊ नका. चामडं जुनं झालं की कडक होतं, आणि मला तेल लावणारं आता कोणी उरलेलं नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे पाकिटं, कमरपट्टे, पिशव्यांचे बंद असं सगळं बनत असे. माझ्या कारागिराने मला जाड कातड्यातून कापलं, माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. शेवटी त्याने माझ्या कडीत एक छोटी पितळी नळी अडकवली. करंगळीच्या पेराएवढी नळी, तिला आट्यांचं झाकण. आत पत्त्याची चिठ्ठी ठेवायची. कुत्रा हरवला तर ज्याला सापडेल त्याने झाकण उघडावं, चिठ्ठी वाचावी आणि कुत्र्याला घरी पोहोचवावं. मला या नळीचा फार अभिमान होता. बाकीचे पट्टे नुसते धरून ठेवतात. मी हरवलेल्याला परत आणू शकत होतो.

मला विकत घ्यायला ज्या बाई आल्या, त्यांना कारागीर म्हणाला, "एक लक्षात ठेवा. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. नाही गेली, तर काहीतरी बिघडलंय असं समजा."

बाई हसून म्हणाल्या, "कुत्र्याच्या गळ्याबद्दल बोलताय ना?"

"ज्याच्या गळ्यात बांधाल त्याच्या."

त्या बाई म्हणजे आक्का. त्यांचा धाकटा भाऊ चष्मे विकत असे. खाली दुकान, वर घर. घरात आक्का, तिचा भाऊ आणि भावजय. भावजय शाळेत गणित शिकवत असे. सगळी गल्ली भावाला चष्मेवाला म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि आक्काला मी पहिल्या दिवसापासूनच अगं-तुगं करू लागलो. रोज हाताळणाऱ्या माणसाला अहो-जाहो करवत नाही.

मला ज्याच्या गळ्यात बांधायचं होतं ते पिल्लू दुकानाच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेलं होतं. काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ते आळीपाळीने रोखून बघत होतं आणि स्वतः काडी हलवत नव्हतं. म्हणून त्याचं नाव पडलं मुकादम. चष्मेवाल्याने बारीक, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'हा आमचा आहे. सापडला तर घरी आणा.' खाली पत्ता. आक्काने ती गुंडाळून माझ्या नळीत सरकवली, झाकण फिरवलं आणि माझ्याखाली दोन बोटं घालून पाहिली. बोटं गेली.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. सकाळी आक्का मुकादमला फिरायला नेई. धोब्याच्या दुकानावरून, बसथांब्यावरून, बागेच्या फाटकापाशी असलेल्या पाण्याच्या नळापर्यंत. मुकादम ओढत असे, मी ताणला जात असे, आणि आक्का "अरे हळू, मुकादम, बदली झाली नाही तुझी!" असं ओरडत मागून जवळजवळ पळत असे. मग ती दुकानात बसे. काचा फ्रेममध्ये बसवण्याचं काम तिचं होतं. दाण्यापेक्षा लहान स्क्रू ती चिमट्याने उचलायची आणि जागेवर टेकवेपर्यंत श्वास रोखून धरायची. सुट्टीच्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन तेल लावी. गिऱ्हाइकं विचारत, "कुठून आणलात हो पट्टा? काय चकाकतोय!" मी मनातल्या मनात आणखी चकाकत असे.

आता मी तुम्हाला दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून सांगणार आहे. त्या घरात त्या कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मुकादम मंदावला. नळापर्यंत जायचा तो धोब्यापाशीच बसू लागला. खाणं तेच, पण अंग सुटलं आणि मला एक भोक सैल करावं लागलं. तो उन्हाच्या तुकड्यात झोपे, आणि ऊन सरकलं की उठून त्याच्या मागे सरके. भुंकणं घोगरं झालं. आणि माझ्याखालचे केस गळू लागले. गळ्याभोवती माझ्याच रुंदीची उघडी, काळसर कातडी दिसू लागली.

आक्काही मंदावली. तिची बोटं सुजली आणि काचांचे कोपरे उडू लागले. दोन-तीन फ्रेमी बिघडल्यावर चष्मेवाला गोड आवाजात म्हणाला, "आक्का, पुष्कळ केलंस. आता घरी आराम कर." ती घरी आराम करू लागली, तेव्हा तोच म्हणू लागला, "बसून बसून बघ कशी झालीस." सगळे पंखा लावत तेव्हा ती स्वेटर घाली. तिचा आवाज जाड झाला. कुडत्याचं वरचं बटण लागेना, म्हणून ती ते उघडंच ठेवी. उठताना भिंत धरी. आणि एक गोष्ट मुकादममध्ये नव्हती, ती फक्त तिच्यात होती. ती मीठ खाई. भाजीत घालून नव्हे, नुसतं. बरणीतून चिमूट उचलून जिभेवर ठेवी आणि डोळे मिटे.

"वन्सं, मीठ संपलं की भिंत चाटाल हं एक दिवस," भावजय म्हणायची.

"चाटेन. तेवढीच रंगरंगोटी होईल," आक्का म्हणायची, आणि दोघी हसायच्या. आक्का जरा कमी हसायची.

तिच्या तळहातांच्या रेघा काळ्या पडत चालल्या होत्या. बोटांची पेरंही. माझं बकल लावताना तो हात रोज माझ्या इतका जवळ यायचा. चष्मेवाला म्हणाला, "उन्हात फिरतेस ना, म्हणून." तेवढ्यावर तो विषय मिटला.

मुकादमच्या गळ्याचा विषय मात्र मिटला नाही. चष्मेवाल्याने एक दिवस खाली वाकून त्याची उघडी कातडी पाहिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा पट्टा चावतोय त्याला. एवढं जाड चामडं! घासून घासून केस गेले बिचाऱ्याचे."

"अरे, इतकी वर्षं नाही घासला तो?" आक्का म्हणाली.

"आता घासतोय. काढ तो."

मित्रांनो, मी कोणाला कधी चावलो नव्हतो. पण वस्तूची बाजू मांडायला वकील मिळत नाही. मला काढलं आणि मोडक्या फ्रेमींच्या खोक्यात टाकलं. मुकादमच्या गळ्यात हिरवागार नायलॉनचा पट्टा आला, त्याला घुंगरू. खोक्यात पडल्या पडल्या मला त्या घुंगराचा आवाज ऐकू यायचा. दिवसेंदिवस तो कमी कमी वेळा वाजत होता. केस गळतच होते. आता दोषी खोक्यात होता, तरी गुन्हा चालूच होता, आणि हे कोणाच्याच लक्षात येत नव्हतं.

शेवटी मुकादमला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जुना पट्टाही मागवला. चामड्याची किंवा रंगाची ॲलर्जी आहे का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्या थंडगार स्टीलच्या टेबलावर मुकादमशेजारी मीही होतो. चष्मेवाला टेबलाला टेकून उभा होता. आक्का मागच्या बाकावर बसली होती. तिला फार वेळ उभं राहवत नसे.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट पाहिलं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. "याचा काही दोष नाही. खाज नाही, पुरळ नाही. पट्ट्याखाली केस थोडे झिजतात सगळ्यांचेच, पण ते परत येतात. याचे परत येत नाहीत. का येत नाहीत, ते रक्तात शोधायचं."

रक्त घेतलं. पुढच्या खेपेला उत्तर आलं. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉईड. ती एक रसायन रक्तात सोडते, त्याला संप्रेरक म्हणतात. हे संप्रेरक म्हणजे शेगडीचं बटण. त्यावर शरीराची आच ठरते. ते कमी पडलं की सगळंच मंद होतं: चाल, पचन, हृदयाचे ठोके, केसांची वाढ. मुकादमची आच फार खाली गेली होती. "मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या आणखी दोन ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी," बाई म्हणाल्या. "त्या बिघडल्या तरी कधीकधी केस असेच जातात, म्हणून त्याही तपासल्या. त्या उत्तम आहेत. म्हणजे आता निर्धास्तपणे थायरॉईडची गोळी सुरू करू."

मग त्यांनी मुकादमची हनुवटी वर केली. "हा चेहरा बघा. याला आम्ही दुःखी चेहरा म्हणतो. तो दुःखी नाहीये. कातडीखाली सूज आहे, म्हणून पापण्या अशा ओघळलेल्या दिसतात. याला थंडी वाजते, थकवा येतो. आणि लोकांना वाटतं की आळशी झाला."

चष्मेवाल्याने मुकादमच्या मानेला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी जवळून पाहिलं. "माफ कर रे बाबा. आम्ही तुला आळशी म्हणत होतो."

मी बाकाकडे पाहिलं. तिथे तोच चेहरा बसलेला होता. त्याच ओघळलेल्या पापण्या, अंगात तोच स्वेटर. आक्का स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे माणसांनाही होतं का हो?"

"होतं की. पुष्कळांना होतं."

चष्मेवाला डोळे पुसता पुसता हसला. "घ्या! आता आक्काला कुत्र्याचा आजार पाहिजे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी असते," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाहेर कोणीतरी कण्हणारी मांजर घेऊन आलं, म्हणून त्या तिकडे गेल्या.

मला पुन्हा मुकादमच्या गळ्यात बांधलं. मी निर्दोष ठरलो होतो. माफी मुकादमला मिळाली. मला मिळाली नाही, आणि बाकावरच्या बाईलाही नाही.

त्या संध्याकाळी आक्काने जेवताना विचारलं, "मीही एकदा तपासून घेऊ का रे?"

"घेऊ ना. शाळा सुरू होऊ देत, मुलांच्या चष्म्यांची गर्दी ओसरू दे, मग निवांत जाऊ."

शाळा सुरू झाल्या. गर्दी ओसरली. आक्काने पुन्हा एकदा विचारलं तेव्हा भावजय म्हणाली, "वन्सं, थोडं चाला, कामात मन रमवा, बघा कसं वाटतं ते." तिसऱ्यांदा आक्काने विचारलं नाही. एकटी जायची तिची हिंमत होत नव्हती. डॉक्टरही हसून 'तुम्ही आळशी आहात' म्हणाले तर, अशी तिला धास्ती वाटत असावी. हा माझा अंदाज आहे. पण गळ्याशी राहणाऱ्याला गिळलेले शब्द बरे कळतात.

इकडे मुकादम गोळीने फुलला. सकाळी उपाशीपोटी लोण्यात लपवून आक्का त्याला गोळी देई, संध्याकाळी दुसरी. हळूहळू मला परत एक भोक घट्ट करता आलं. तो धोब्याला ओलांडून नळापर्यंत पोहोचू लागला. माझ्याखाली मऊ लव उगवली. मला कोण आनंद झाला! आणि आक्का रोज त्या लवेवरून बोट फिरवून बघे. तिच्या बोटात मला तेव्हा वेगळंच काही जाणवू लागलं होतं. ते निव्वळ कौतुक नव्हतं.

एका सकाळी तिने गोळी लोण्यात लपवली नाही. सुरीने तिचे दोन तुकडे केले. भावजय ओट्यापाशीच होती, म्हणून तिच्याकडे पाठ करून आक्का मुकादमजवळ बसली. अर्धी गोळी त्याला दिली. मग माझ्या नळीचं झाकण फिरवलं, माझी चिठ्ठी बाहेर काढली, चुरगळून खिशात टाकली, आणि तिच्या जागी उरलेली अर्धी गोळी ठेवली.

बागेच्या नळापाशी गेल्यावर तिने ती गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. मुकादम शेपूट हलवत तिच्याकडे बघत होता. नंतर त्याने तिचा हात चाटला.

मित्रांनो, खोक्यात टाकलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. ते लोक मला ओळखतच नव्हते. पण ज्या हातांनी मला तेल लावलं, त्याच हातांनी माझ्या पोटातला पत्ता काढला आणि तिथे चोरीचा माल ठेवला, तोही ज्याच्याकडून चोरला त्याच्याच गळ्यात! तिला दोष द्यावा तर तिचा काळा पडलेला तळहात डोळ्यांपुढे येतो. न द्यावा तर मुकादमची हलणारी शेपूट आठवते. मी तेव्हाही ठरवू शकलो नाही, आजही शकत नाही.

पहिले काही दिवस तिला तरतरी आली. स्वेटर निघाला. भावजय म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? चालण्यानं फरक पडतो." आक्काला वाटलं, जमलं. मग कधी ती अर्धीबरोबर आदल्या दिवशी वाचवलेली अर्धीही घेऊ लागली, कधी एखादी पुढच्या दिवसासाठी नळीत राखून ठेवू लागली. लवकरच माझं बकल लावताना तिचा हात थरथरू लागला. मनगटाची नाडी माझ्या चामड्यावर धडधडत असे. तिला ओकाऱ्या होऊ लागल्या. मिठाची बरणी दुप्पट वेगाने रिकामी होऊ लागली. आणि माझ्याखालची मुकादमची लव पुन्हा विरळ झाली.

चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि तो म्हणाला, "परत केस जायला लागले! मला वाटतंच होतं, या पट्ट्यातच काहीतरी आहे."

त्याच आठवड्यात ते घडलं. बागेच्या नळाशी आक्का वाकली आणि सरळ होता होता खाली बसली. मग आडवी झाली. साखळीची मूठ तिच्या मनगटात अडकलेली होती. ती पडली तेव्हा मी मुकादमच्या गळ्याला करकचून आवळला गेलो, आणि तो ओढला जाऊन तिच्या शेजारीच बसला. तो भुंकला नाही. त्याच्यातही तेवढं बळ नव्हतं.

नळासमोर एका किल्ल्या बनवणाऱ्याने नुकतीच टपरी टाकली होती. तो धावत आला. "ओ ताई! ताई! ऐकू येतंय का?" लोक जमले. एका गाडीत घालून आक्काला इस्पितळात नेलं. कुत्र्याला कोणी गाडीत घेईना. किल्लीवाल्याने साखळी हातात घेतली. "कुणाच्या आहेत या? कुठं राहतात?" कोणाला माहीत नव्हतं. आक्काचा फोन घरीच होता. तेव्हा किल्लीवाल्याची नजर माझ्यावर गेली.

"अरे, याच्या गळ्यात पत्ता असेल की."

ज्या क्षणासाठी मी जन्मलो, तो हाच. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहत होतो. त्याने झाकण फिरवलं, नळी तळहातावर उपडी केली, आणि बाहेर पडले गोळ्यांचे पांढरे अर्धे तुकडे.

"हे काय?" तो म्हणाला. त्याने ते तुकडे परत आत ठेवले, झाकण लावलं आणि मुकादमकडे बघून सुस्कारा टाकला. "चल बाबा. तूच दाखव घर."

मुकादम निघाला. किल्लीवाला मागून "चल रे, चल रे लवकर" म्हणत होता. मुकादमला लवकर जमत नव्हतं. त्याच्या वाट्याची अर्धी ताकद माझ्या पोटात बंद होती.

दार भावजयीने उघडलं. किल्लीवाल्याने सगळं सांगितलं. तिने आधी खाली दुकानात जाऊन नवऱ्याला इस्पितळाकडे पिटाळलं. ती वर आल्यावर किल्लीवाला म्हणाला, "ताई, आणि पट्ट्याच्या नळीत पत्ता नाहीये. हे आहे." तिने तुकडे हातात घेतले.

"या मुकादमच्या गोळ्या," ती म्हणाली. "अर्ध्या." मग अगदी हळू, "उरलेल्या अर्ध्या कुठे जातात?" तिने मुकादमच्या गळ्यावरची विरळ लव पाहिली, मग मिठाच्या बरणीकडे पाहिलं. तिने मुकादमच्या गळ्यातून मला काढलं, मुठीत घट्ट धरलं आणि चपला उलटसुलट घालून पळत सुटली.

इस्पितळात डॉक्टर चष्मेवाल्याला विचारत होते, "औषधं काय काय चालू आहेत त्यांना?"

"काही नाही हो. ठणठणीत आहे ती. जरा सुस्त आहे, एवढंच."

भावजयीने मला टेबलावर आपटलं. "डॉक्टर, या गोळ्या घेत होत्या त्या. कुत्र्याच्या थायरॉईडच्या."

डॉक्टरांनी गोळीचा तुकडा पाहिला. मग आक्काच्या हिरड्या पाहिल्या, तळहात उघडून रेघा पाहिल्या, आणि तिच्या गळ्यावर, घशाच्या दोन्ही बाजूंना, दोन बोटं ठेवली. मला माझा कारागीर आठवला. इतक्या महिन्यांत त्या गळ्यावर कोणाची बोटं टेकली नव्हती.

"मीठ जास्त खातात का?"

"बरणीतून. चिमटीनं," भावजय म्हणाली.

"उठताना चक्कर?"

"भिंत धरतात."

"थंडी? आवाजात फरक? हात कधीपासून काळे?"

ती एकेकाचं उत्तर देत गेली. एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणाली नाही. मित्रांनो, तिने सगळं पाहिलं होतं, अगदी बारकाईने पाहिलं होतं. पण पाहून त्याची थट्टा केली होती. हे तिला तिथे उभी असताना कळलं असावं, कारण शेवटचं उत्तर देताना तिचा आवाज फुटला.

डॉक्टरांनी नर्सला लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन आणायला सांगितलं. मग चष्मेवाल्याला समजावलं. आक्काच्या शरीराने स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला चढवला होता. एकट्या थायरॉईडवरच नव्हे, अधिवृक्क ग्रंथींवरही. संकटात रक्तदाब टिकवणारं, शरीरातलं मीठ धरून ठेवणारं संप्रेरक या दुसऱ्या ग्रंथी बनवतात. तिच्यात ते संपत आलं होतं, म्हणून मिठाची ती ओढ आणि हातांच्या त्या काळ्या रेघा. "थायरॉईडच्या गोळीनं शरीराचा वेग वाढतो, आणि उरलंसुरलं ते संप्रेरक आणखी पटकन संपतं. म्हणून अशा माणसाला आधी स्टिरॉइड, म्हणजे तेच संप्रेरक, द्यायचं, आणि मगच थायरॉईडची गोळी, तीही अगदी थोडी. ही गोळी कुत्र्याची. कुत्र्यांना माणसांपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. यातली अर्धीसुद्धा यांना फार होती."

चष्मेवाला कोरड्या आवाजात म्हणाला, "पण कुत्र्याच्या तर दोन्ही ग्रंथी आधी तपासल्या होत्या आम्ही..."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले.

इंजेक्शन आणि सलाईनने आक्काच्या चेहऱ्यावर रक्त परतलं. दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो. चष्मेवाला शेजारी बसला आणि म्हणाला, "आक्का, मुक्या जनावराच्या तोंडची गोळी काढून खाल्लीस? मला विचारायचं होतंस ना!"

"विचारलं होतं."

तो तिची उशी नीट करू लागला.

"तू त्याला मिठी मारलीस ना रे त्या दिवशी," ती म्हणाली. तिचा आवाज अजून जाडच होता. "मी बाकावर बसून बघत होते. मला वाटलं, आता हा मागे वळेल. आता वळेल. तू वळलास, आणि हसलास."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. तो स्वच्छच होता.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मुकादमला पूर्ण गोळी देताय ना?" भावजयीने मान हलवली. आक्काने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तिचे खांदे हलू लागले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

ती घरी आली. आता तिला रोज दोन प्रकारच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि भावजय त्या समोर उभी राहून देते. डॉक्टरांनी बजावलं होतं की स्टिरॉइडची गोळी एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ताप आला तर मात्रा वाढवायची, आणि अंगावर कायम असं काहीतरी ठेवायचं, ज्यावरून बेशुद्ध पडल्यास अनोळखी माणसाला हे सगळं कळेल.

"छानसं कडं करून आणतो," चष्मेवाला म्हणाला.

"नको," आक्का म्हणाली. तिने मला उचललं. कित्येक महिन्यांनी मला वाटलं, आता तेल. पण तिने दुकानातला बारीक पक्कड घेतली, माझी कडी वाकवली, नळी काढली, कडी पुन्हा मिटवली आणि मला बाजूला ठेवलं. मला विचारलं नाही. माझ्यापाशी होतं नव्हतं ते एवढंच होतं.

"चिठ्ठी लिही," ती भावाला म्हणाली.

त्याने मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात आजाराचं नाव लिहिलं, 'ताबडतोब स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं' असं लिहिलं, पत्ता लिहिला. "झालं?"

"मुकादमच्या चिठ्ठीत पहिली ओळ काय होती?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. पण लिहायला लागला. शेवटी त्याने चिठ्ठीच्या अगदी वर लिहिलं: 'ही आमची आहे. सापडली तर घरी आणा.'

आक्काने ती दोनदा वाचली. "सापडायला आधी हरवल्याचं कळावं लागतं," ती म्हणाली, आणि चिठ्ठी गुंडाळून नळीत घातली. तेव्हापासून नळी तिच्या गळ्यात असते, साध्या दोऱ्यात.

मुकादमच्या गळ्यावरचे केस नीट वाढावेत म्हणून त्याला आता छातीवरून बांधायचा पट्टा घेतला आहे. त्याचे केस दाट आले. इतके दाट, की तिथे कधी मी होतो याची खूणही उरली नाही. आणि मी इथे, खुंटीवर, छत्रीच्या मागे.

दार उघडलं की आक्का माझ्यासमोरून जाते. नळी तिच्या बटणावर आपटून टिणटिण करते. तो माझा आवाज आहे, मित्रांनो. मी तो दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकतो. राग येतो. मग ती पावलं न थबकता जिना उतरताना ऐकू येतात, खाली मुकादम ओढ घेतो, ती ओरडते, "अरे हळू!" आणि माझा राग अर्धा होतो. उरलेला अर्धा मी राखून ठेवला आहे.

तुमच्या घरात कोणी एकाएकी मंदावलं, गारठू लागलं, न खाता फुगू लागलं किंवा मिठासारख्या एखाद्या साध्या गोष्टीसाठी वेडं झालं, तर लगेच पट्ट्याला दोष देऊ नका. त्याच्या स्वभावालाही देऊ नका. एकाची औषधं दुसऱ्याला, जनावराची माणसाला, कधीही देऊ नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याने तिसऱ्यांदा विचारायची वाट पाहू नका, कारण तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मुकादमसाठी टेबलाला टेकून उभे राहता, तेव्हा मागच्या बाकावर कोण बसलं आहे ते वळून बघा.

आणि जाता जाता छत्री काढाल, तेव्हा मला खाली पाडू नका. जमलं तर थोडं तेल लावा.